पत्र्यामागचं मडकं

पोळ्याच्या दिवशी सकाळी पांढुर्ण्यात बैलांपेक्षा जास्त गर्दी कवचवाल्या महाराजाभोवती होती. लिंबाच्या फांदीले सुतळीनं एक पत्रा टांगला होता, शेंदूर फासलेला, दोन तळहातांएवढा. महाराजाचा चेला दहा पावलांवरून नदीतला गोटा मारे. ठन्न वाजे, पत्रा मागं उडे, झुले, परत जागेवर. पाहाले गेलं तर नखाएवढा खळगा.

"देखा? पत्थर का फूल कर दिया," महाराज म्हने. "छाती पे बांधो, नदी में उतरो. माता का वचन है."

लोकं पाया पडून राहिले होते. कारन उद्या गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याच्यावर झेंडा. इकून पांढुर्णा, तिकून सावरगाव, दोन्हीकडून गोट्यांचा मारा. त्या माऱ्यात जो झेंडा तोडंल तो जिंकला.

या वर्षी तोडाले माहा भाऊ जानार होता. श्रावण. चौकात सगळ्यांसमोर बोलून बसला होता, "उघड्या अंगानं जातो. फक्त कवच बांधून."

आन् ते कवच मी कापलं होतं.

माहे बाबा, शालिकराम, टिनाचं काम करतात. आठवीत मास्तरांनं मले पट्टी मारली, मी ती मोडून त्यांच्याच टेबलावर ठेवली, तवापासून मी बी दुकानातच बसते. पंधरा दिवसांआधी हा महाराज तिगाव स्टेशनावर उतरून सरळ आमच्याकडं आला. तेलाचे रिकामे डबे कापून चौकोनी तुकडे पाहिजे म्हने. देवळाच्या कामाचे. बाबांनं आन् मी दिले करून. शेंदूर लागलेला पाहिला तवा समजलं, पन तवर त्यानं बाबाले श्रावणच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्याले लावली होती. कुठं बोललास तर पोराच्या कवचातली शक्ती गेली.

आता पाहा, त्यानं आमाले कसं बांधून टाकलं. कोनाले लागलं तर म्हने, मनात शंका होती. घरातल्या कोनी शंका घेतली तरी कवच फुटते. म्हनजे लागलं तर दोष महाराजाचा नाही, आमचा. बाबा बोलले तर पोराचा जीव जाईल, मी बोलली तर भावाचा.

मी तरी बोलली. घरी मायले म्हटलं, तो पत्रा गोडेतेलाच्या डब्याचा हाय, उजेडात धरला तर शेंदराखालून कंपनीचा छाप दिसते. मायनं माह्या तोंडावर हात ठेवला. मंग मले दुकानाच्या खोलीत ढकललं आन् बाहेरून कडी लावली.

"उद्या संध्याकाळी काढीन. तोवर मनात बी काही आनू नको, पुष्पे."

मनात काही आनू नको. असं कुठं असते? मी दरवाज्याले लाथा मारल्या. मंग थकून बसली. खोलीत डबे, कात्री, हातोडा आन् पान्याचं मडकं.

पन एक गोष्ट खरी होती. पत्रा फाटत नव्हता. काहून?

मी एक तुकडा सुतळीनं टांगला, हातोडा हानला. उडाला, झुलला. मंग तोच तुकडा भिंतीले टेकवून हानला. भिंतीचा पोपडा पडला. तवा मले रामाकोना गावातली संत्र्याची तोडाई आठवली. वरून फेकलेलं संत्रं झेलताना हात मागं न्यावा लागते. हात ताठ ठेवला तर संत्रं फुटते आन् तळवा बी झनझनते. टांगलेला पत्रा तसाच, हातासारखा मागं जाते. छाती कुठं मागं जाईल?

आमच्या मापात एका हाताची चोवीस बोटं. टांगलेला पत्रा गोट्याले घेऊन हातभर मागं जाते. बांधलेला बोटभर. म्हनजे तोच गोटा अंदाजे चोवीसपट जोरानं आत बसनार.

दुपारी श्रावण खोलीत ठेवलेलं आपलं कवच घ्याले आला. त्यानं कडी काढली.

"माय म्हनते तू शंका घेऊन राहिली."

"घेऊन राहिली. तू चल. या मडक्यावर कवच बांधते, महाराजासमोर तूच गोटा मार. मडकं राहिलं तर उद्या तुह्या छातीवर मी माह्या हातानं बांधीन."

तो बी माह्यासारखाच तापट. "चल," म्हने.

महाराज बसला होता त्या मैदानात मी भरलेलं मडकं बोरीच्या खोडाले घट्ट बांधलं, वरून पत्रा आवळला. महाराज म्हने, लडकी के मन में पाप है. श्रावण म्हने, "शंका तिची हाय, मारनारा मी हावो." महाराज हसला. पत्रा फाटत नाही, हे त्याले बी माहीत होतं.

श्रावणनं मारला.

पत्रा वाटीसारखा आत गेला, पन फाटला नाही. महाराजानं दोन्ही हात वर केले. "देखो, एक छेद नहीं!" लोकांनं जयजयकार केला.

मंग पत्र्याखालून पानी गळाले लागलं. आधी थेंब, मंग धार. जयजयकार तिथंच थांबला. श्रावण जवळ गेला, त्यानं सुतळी सोडली. पत्रा धड होता. मागून मडक्याच्या खापऱ्या पडल्या.

श्रावणचा हात आपोआप आपल्या छातीवर गेला.

मागून बाबा पुढं आले. "तो पत्रा माह्या दुकानातला हाय," म्हने. "तेलाचा डबा. मी पोराच्या जिवाच्या भीतीनं गप्प होतो." महाराज शक्ती गेली, शंका, पाप असं बोलत बोलत झोळी आवरत होता. सायंकाळच्या गाडीनं गेला.

दुसऱ्या दिवशी श्रावण काठावर बसला. शेजारच्या नत्थूजींनं विचारलंच, "काहून रे, बांगड्या भरल्या का?"

"भरल्या, काका," तो म्हने. "फुटू नये म्हनून इथं बसलो."

पन सगळे नाही बसले. श्रावणसारखे चौकात बोलून बसलेले पोरं कवच बांधून उतरलेच, मडकं पाहूनही. दुपारी एकाले चौघांनं उचलून आनलं, बरगडी मोडलेली, श्वास घेता येईना. पत्रा त्याच्या मुठीत होता. धड.

बाबा त्या पत्र्याकडं पाहात राहिले. कापनाऱ्या हाताले आपलं काम वळखू येते. मले बी आलं.

म्हनून सांगते, कोनी चमत्कार दाखवला तर टाळी वाजवाच्या आधी मागं जाऊन पाहा. आन् पाहाले मना करत असंल, शंका पाप हाय म्हनत असंल, तर नक्की पाहा. पत्रा फाटला का नाही हे विचारू नका. पत्र्यामागं कोन हाय ते विचारा.