तारेवरचे केस

नियम एकच. बाजारातलं काही चालणार नाही.

गळ आणि दोरा सोडून. बाकी पिसं, केस, लोकर, जे गळाला बांधून नकली माशी करायची, ते आपापल्या घरचं, गोठ्यातलं, शेतातलं. पाण्यात टाकली की माशाने ती खरी समजून गिळावी. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला तर्री-पोहे खाऊ घालायचे.

रविवार सकाळ, बोरगाव मेघे, प्रफुलची गच्ची. धाम नदीवर गळ टाकणारे चौघे. प्रफुल शाळेत शिकवतो, अश्वजित मोबाइल दुरुस्त करतो, पुंडलिकराव पोस्टातून निवृत्त. आणि अंकुश, ज्याचं शेत बोरच्या जंगलाला लागून आहे.

पहिली पायरी. गळ शिकंज्यात घट्ट धरा.

"प्रफुल, बायकोच्या शालीचे धागे हायेत ना हे? घरात घेईन का ते तुले आता?"

"पुंडलिकराव, तुम्ही कोंबड्याची पिसं आणली. कोंबडा कुठं गेला ते सांगा."

"पोटात."

दुसरी. दोऱ्याचे वेढे, शेपटाकडे.

अंकुशने खिशातून पुडी काढली. सकाळी निघताना काटेरी तारेला अडकलेले केस दिसले, ओढून घेतले. शेजाऱ्याची तांबडी गाय नेहमी तिथूनच घुसते. केस सुरेख होते, टोकाला तांबूस, मुळाशी पांढरे. असे केस पाण्यात जिवंत होतात. पोहे आज आपलेच.

तिसरी. झुबका चिमटीत धरा, गळावर ठेवा,

"काय बे अंकुश, चिन्नोर तांदळाचा भात खाऊन आला का? हाताले वास येऊन राह्यला." पुंडलिकराव नाक पुढे करून म्हणाले.

अश्वजितनेही वाकून हुंगलं. "खरंच राजा. भातच."

अंकुश हसला. सकाळपासून त्याने नुसता चहा घेतला होता.

प्रफुल हसला नाही.

"सफारीले गेलतो मी, पोरं घेऊन," तो म्हणाला. "जिप्सीवाल्यानं गाडी थांबवली, एका झाडाचा वास घ्याले लावला. असाच होता. म्हणे, वाघ मुतला की सुगंधी तांदळासारखा..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. अंकुश झुबक्याकडे पाहत होता. तांबूस केसांत एक काळा. आणखी एक काळा. तांबड्या गाईच्या अंगावर काळा केस नाही.

तारेला लागून हरभरा. हरभऱ्यात बायको सुरभी आणि आई शकुबाई, उजाडल्यापासून सोंगणीला, पीक कापायला. सोंगणी उकिडवं बसून करतात. उभ्या माणसाला तो वाट देतो. बसलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही. हे त्यांच्या गावात लहान पोरालाही माहीत आहे.

चौथी पायरी

नाही.

फोन. रिंग वाजून वाजून थांबली. इळा हातात असला की सुरभी फोन बांधावर ठेवते. पुन्हा फोन. रिंग.

"काय जी? जिंकले का?"

"सुरभी, उभी राह्य."

"उभीच हाय. पाणी पिऊन राह्यली."

"बसू नको. वाकू नको. तारेवर केस होते, ते गाईचे नाई. रस्त्याकडं चाल. जोरजोरात बोलत चाल."

तिकडून हळू आवाजात, "आई तिकडं हायेत."

"कुठं?"

"तारेजवळ. बसून सोंगून राह्यल्या. हाक मारून त्यायले ऐकू जात नाई."

आता अंकुशने काहीतरी बोलायला हवं होतं.

तू रस्त्यावर जा, मी माणसं पाठवतो. (असं.)

किंवा, जा, आईले घेऊन ये. (असं.)

पुंडलिकराव दुसऱ्या फोनवर गावातल्या कुणाला तरी ट्रॅक्टर काढायला सांगत होते. अंकुशच्या कानात सुरभीचा श्वास येत होता. ती थांबली होती. तो सांगेल म्हणून थांबली होती.

तो बोलला नाही.

फोन तिने कमरेला खोचला असावा, आवाज जाड झाला. मग जेवणाच्या डब्यावर इळा. टण. टण. टण. वाळलेला हरभरा पायाखाली करकरत होता. टण. टण.

थांबलं.

काही नाही.

अजून काही नाही.

"काय वाजवून राह्यली वं!" शकुबाईचा कावलेला आवाज. "डबा फुटंन."

"आई, उठा. माया हात धरा. तिकडं पाहू नका."

"काऊन?"

"उठा म्हणते ना."

अंकुशने चालू फोन तसाच शर्टाच्या खिशात टाकला आणि खाली येऊन गाडीला किक मारली. मागे प्रफुल बसला.

दोघी रस्त्यावर होत्या. ट्रॅक्टर आला होता, काठ्या घेतलेली माणसं होती. तारेपलीकडचं गवत लांबलचक दबलेलं होतं, शकुबाई बसल्या होत्या त्याच्या अगदी समोर. शकुबाई डब्याला पडलेला पोचा सगळ्यांना दाखवत होत्या. त्यांना अजून कुणी सांगितलं नव्हतं.

सुरभीच्या मुठीतून इळा सुटत नव्हता.

"दिसला?" अंकुशने विचारलं.

"कान दिसले. गवतातून."

तो तिच्या जवळ गेला. ती मागे सरली नाही, पुढेही आली नाही.

"मी थांबली होती," ती म्हणाली. "तुम्ही काई बोलले नाई. फोन कटलता का?"

"हो," अंकुश म्हणाला.

तिच्या कमरेजवळच्या फोनमधून, त्याच्याच आवाजात, बारीकसं आलं, हो.