अवैध अपत्य आणि जेवणाचं टेबल

जावईबापू आल्यापासून सासूबाईंना स्वतःच्याच जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा उरली नव्हती. तिथे त्यांचा लॅपटॉप, त्यांच्या वायरी, त्यांचे उष्टे कप. तेही एक वेळ चाललं असतं, पण त्यांची खरी खोड वेगळीच होती. लॅपटॉपने काही सांगायला तोंड उघडलं रे उघडलं, की हे ‘ठीक आहे’चं बटण दाबून त्याला गप्प करायचे आणि पुन्हा तेच करून बघायचे.

प्रोग्रॅम लिहिणारा चुकला, की त्याची चूक मोठ्याने, शुद्ध मराठीत सांगणारं साधन ते बनवत होते. शब्द त्यांनी स्वतः शब्दकोशातून वेचले होते. संध्याकाळी ते साहेबांना चालवून दाखवायचं होतं. नाही चाललं तर नोकरी जाणार, भाड्याचं घर सुटणार आणि जोडी कायमची इथेच राहायला येणार, हे लेकीने सकाळीच कानावर घातलं होतं. वर, तुला तेवढीच सोबत, असंही म्हणाली होती.

दुपारी लॅपटॉप खणखणीत बायकी आवाजात म्हणाला, "अवैध अपत्य आढळले. पालक तपासा."

खिडकी उघडी होती. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत घालणाऱ्या शेजारणीच्या हातातला चिमटा हवेतच राहिला. जावईबापूंनी ‘ठीक आहे’ दाबलं, पुन्हा चालवलं. पुन्हा अवैध अपत्य. असं इतक्यांदा झालं, की एक नाही, चांगली पाच-सहा आहेत अशी अख्ख्या इमारतीची खात्री पटली.

घटकाभरात शेजारीण झबली-टोपडी घेऊन दारात हजर. झालं ते झालं, लेकरांचा काय दोष, म्हणाली. तळमजल्यावरच्या मास्तरांनी पाळणा पाठवला. लेक आतून आली आणि नवऱ्याकडे अशी बघत राहिली, की ते घाईघाईने सासूबाईंकडे वळले.

"आई, मूल नाही हो ते. बटण आहे."

सासूबाईंनी पाळणा भिंतीशी लावून घेतला. घरात आलेली वस्तू परत करायची त्यांना सवय नव्हती. मग खुर्ची ओढून बसल्या आणि, बटण तर बटण, पण कोणाचं ते सांगा, म्हणाल्या.

जावईबापू समजावू लागले. पडद्यावर एक मोठी चौकट, तिच्या पोटात छोटी चौकट, छोटीच्या पोटात हे बटण. म्हणून त्याला अपत्य म्हणायचं. शेजारणीने मान डोलावली. पोटातलं म्हणजे मूलच की.

"मग आहे का ते तिच्या पोटात?" सासूबाईंनी विचारलं.

"आहेच," म्हणत त्यांनी दाखवायला बोट ठेवलं, आणि बोट तिथेच थिजलं. त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये छोट्या चौकटीचा कंस बटणाच्या आधीच मिटला होता. बटण बाहेर, उघड्यावर पडलं होतं. लॅपटॉप बिचारा दुपारपासून हेच ओरडत होता.

कंस खाली सरकवला, चालवलं.

"अपत्य स्वीकारले."

शेजारणीने डोळ्यांना पदर लावला. मुलगा की मुलगी, अशी मास्तरांनी खालून चौकशी केली.

संध्याकाळी साहेब खूश झाले. फक्त तो शब्द तेवढा बदला, म्हणाले. साहेबांचा चेहरा पडद्यावरून जायचा अवकाश, सासूबाईंनी वायरी गुंडाळून जावयाच्या बॅगेत कोंबल्या आणि फडकं त्यांच्या हातात दिलं.

"जावईबापू, माणूस तुम्ही वाईट नाही. पण दारात आलेल्याला कोण, कुठला विचारायच्या आधीच हाकलून लावता. ते पोर लागलं आपल्या घरी. आता तुम्हीही आपल्या घरी जा, आणि जाताना माझं टेबल पुसून जा."