चतुराबाईंच्या सपनांची वही

मी एक जुनी वही आहे. मित्रांनो, जरा हळू उलटा. माझी शिवण उसवली आहे, आणि खरं सांगू, आता कुणी हात लावला तरी नको वाटतं.

माझा जन्म वर्ध्याचा, चिंध्यांतून झालेला. जुनी धोतरं, विटक्या चोळ्या भिजवल्या, कुटकुट कुटल्या, तो लगदा चौकटीवर गाळून उन्हात वाळवला, तेव्हा कुठे माझी पानं झाली. थकवा तेव्हापासूनच अंगात मुरला असावा. एकोणीसशे चोपन्न साली सिंदीच्या प्रौढ वर्गाचे गुरुजी, प्रभाकरराव, यांनी मला विकत घेतलं. वाटलं, आता आपल्यावर पाढे नाहीतर सुविचार लिहिले जाणार. कसलं काय! मी पडले त्यांच्याच वर्गातल्या चतुराबाईंच्या पदरात.

चतुराबाई वांगी-मिरची पिकवून बाजारात विकायच्या. त्यांचे मालक बंडूजी यांनी बाईंना न विचारता घरची म्हैस विकली, म्हणून बाईंनी अबोला धरला. तो मोडायच्या आतच बंडूजींना शेतात ऊन लागलं आणि ते गेले.

"गुरुजी, ते सपनात येते," बाई म्हणाल्या, "पन ते गेले हे मले सपनात ठावंच नसते. मी आपली तशीच तोंड फिरवून बसते. मेल्यावरबी अबोला! एकडाव तरी बोलाचं हाये मले त्यायच्याशी."

"बाई, उठल्याबरोबर सपन लिहून ठेवत जा," गुरुजी म्हणाले. "मंग वाचा. दरवेळी येते अशी एखादी खूण सापडन. दिवसाबी ती दिसली का, लगेच सोताले विचारा, मी जागी हाओ का सपनात? सवय झाली का सपनातबी तोच सवाल मनात येईन."

झालं! तेव्हापासून माझी झोप उडाली. कोंबडं आरवलं की बाई मला उशाखालून ओढायच्या. चूल नाही, तोंडावर पाणी नाही, आधी मी. अक्षरं नुकतीच शिकलेली, त्यामुळे एकेक ओळ लिहिताना बाईंना घाम फुटायचा. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, म्हणून सगळीकडे नुसतं 'ते'.

'ते आंगनात आले. म्हशीले म्हनाले, सांग तुया मालकिनीले, भाकर वाढ म्हना. मी बोलली नाई.'

पानामागून पान हेच. कंटाळा यायचा हो! बाई वाचायच्या, रडायच्या, माझी पानं भिजायची. एक दिवस मात्र त्यांचं बोट 'म्हशीले' या शब्दावर थांबलं. अगं बाई! म्हैस तर केव्हाच विकली होती. अंगणात म्हैस दिसते, म्हणजे ते स्वप्नच.

मग रस्त्यात कुणाचीही म्हैस दिसली की बाई थबकायच्या आणि पुटपुटायच्या, "मी जागी हाओ का?" शेजारची तानाबाई हसायची. "काऊन वं चतुरे, म्हशीले रामराम करून राह्यली का?"

बाईंना हसू यायचं नाही. कितीदा तरी स्वप्नात म्हैस यायची आणि त्यांना कळायचंच नाही. सकाळी पेन्सिल आपटायच्या त्या माझ्यावर. मी थकले, त्याही थकल्या. गुरुजींची बदली झाली. त्यांच्याशिवाय माझं कौतुक कुणी केलंच नव्हतं.

आणि एका सकाळी बाईंनी लिहिलं:

'म्हैस दिसली. मले कळलं, हे सपन हाये. मी तोंड फिरवलं नाई. म्हनलं, भाकर वाढली, या. त्यायनं म्हशीकडं नाई, माह्याकडं पाह्यलं. म्हनाले, आलो.'

त्यानंतर बाईंनी माझ्यात काही लिहिलं नाही. मला कोनाड्यात ठेवलं. तिथे कसर लागली, धूळ बसली, पुढची पानं कोरीच राहिली. मला त्याचा राग नाही. दमलेल्याला निजू द्यावं.

मित्रांनो, वह्या जपा, ओलीपासून दूर ठेवा, हे मी सांगायला हवं, म्हणून सांगितलं. पण माझं खरं मागणं दुसरंच आहे. घरात कुणाशी अबोला धरला असेल, तर आजच्या आज मोडा. एक 'या' म्हणायला बाईंना माझी निम्मी पानं झिजवावी लागली. आणि त्या सकाळी त्यांनी खरोखर दोन भाकरी थापल्या, तेव्हा चुलीपाशी जेवायला त्या एकट्याच होत्या.