दुपारची गोळी

बावन्न किलो! या आकड्यानं माझं डोकं उठवलं होतं. माझा भाऊ मर्डॉक बावन्नच्या खाली उतरला, की नव्या फुप्फुसांच्या यादीतून त्याचं नाव बाजूला काढणार, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलेलं. आणि हा होता साडेबावन्न.

आम्ही कॅनडाच्या पूर्व टोकाच्या केप ब्रेटन बेटावरची. तिकडे फुप्फुसं बदलायचं ऑपरेशन होत नाही, म्हणून घरदार सोडून टोरांटोत एका खोलीत येऊन बसलो. सोबत घरचं माणूस पाहिजेच, असा नियम. मर्डॉकला ना बायको ना पोर. उरले कोण, तर मी, एफी, थोरली बहीण. सात महिने झाले. फोन वाजला की वाटतं, फुप्फुसं मिळाली, आणि असतो कोण, तर गालिचे धुऊन देणारा. मेला!

रोग असा, की फुप्फुसं आतून घट्ट होत जातात. गोळ्यांनी ते थांबत नाही, जरा रेंगाळतं एवढंच. दिवसातून तीनदा, जेवणासोबत. पण त्या गोळ्यांनी याची अन्नावरची वासनाच उडाली. मलई घालून माशांचं सूप पुढं ठेवावं, तर हा नुसता चमचा फिरवत बसायचा.

"खा की रे!"

"अक्का, तूच खा. तुझं वजन माझ्या नावावर मांडू."

"जीभ तेवढी पोसलीय तुझी. बाकी नुसती हाडं!"

एका सोमवारी मी दुपारची गोळी बाजूला ठेवली आणि तिच्या जागी जीवनसत्त्वाची दिली, तशीच तपकिरी. त्या संध्याकाळी त्यानं दोन बटाटे खाल्ले. मग मी रोजच तसं केलं. पाच आठवड्यांत साडेचोपन्न! मी हरखून गेले. पण जिना सोडा, मोजे घालतानाही त्याला धाप लागायची, ते मी बघून न बघितल्यासारखं केलं.

पुढच्या तपासणीला फुंकून श्वास मोजायच्या यंत्रावरचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"गोळ्या तिन्ही वेळा घेता ना?"

"घेतो म्हणजे! ही फौजदारीण उरावर बसलेली असते," मर्डॉक म्हणाला.

"मग गोळीचा काही उपयोग होत नाहीये. बंदच करू."

गोळ्या चुकवणाऱ्याला यादीत ठेवत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं होतं. बोलावं तर नाव जाणार, गप्प बसावं तर औषध जाणार.

"थांबा," मी म्हटलं, आणि सगळं ओकले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, जेवण जात नाही, हे आम्हाला का नाही सांगितलंत? आम्हीच गोळी कमी केली असती. कितीतरी जणांची करतो."

त्या दर खेपेला विचारायच्या, आणि आम्ही दोघं, नाव कापतील या धास्तीनं, "सगळं झकास" म्हणायचो. अक्कल गहाण ठेवलेली, दुसरं काय!

"मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," मर्डॉक खाली बघत म्हणाला. "पण बटाटे गोड लागायला लागले होते, अक्का. मला थोडे दिवस जेवायचं होतं."

मला रडू आवरेना.

"खरं सांगितलंत, म्हणून नाव काढत नाही," बाई म्हणाल्या. "पण गेलेला श्वास परत यायचा नाही. जो जास्त आजारी, त्याचा नंबर आधी; आता या आकड्यांवर त्यांचं नाव वरच्या गटात जाईल."

"म्हणजे लवकर नंबर लागेल?"

"लागू शकतो."

आणि मला आनंद झाला. माझ्या हातानं भावाचा श्वास कमी झाला होता, आणि मला आनंद झाला. मी मर्डॉकचा हात धरला, पण त्याच्या तोंडाकडे बघायचा धीर होईना.