काखेतली गाठ

शिंप्याच्या लेकीचा ताप एकोणीस दिवस झाले तरी हटत नव्हता. ठकी सात वर्षांची, एरवी घर डोक्यावर घेणारी; आता हाक मारली तरी नुसती बघायची. रक्त तपासलं, लघवी तपासली, छातीचा फोटो काढला. टायफॉइड नाही, मलेरिया नाही, क्षयही नाही. "मुलांचा ताप लांबायला कारणं पुष्कळ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उद्या हाडातला मगज तपासू. रक्ताचा मोठा आजार नाही ना, एवढं बघून घेऊ."

एवढं! शिंप्याच्या पायाखालची जमीनच सरकली.

घरी हातावर हात ठेवून बसवेना, आणि त्याला काम येत होतं एकच. बरी झालीस की नवा फ्रॉक, असं म्हणत त्यानं टेप काढली. छाती दीड इंच कमी भरली. टेप काखेखालून ओढली तशी ठकी कळवळली. बोट लावून बघतो तर कोटाच्या बटणाएवढी गाठ.

तसाच तो तिला उचलून दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाईंनी गाठ चाचपली, मग ठकीचा त्याच बाजूचा हात उलटसुलट करून पाहिला. मनगटावर जुना ओरखडा होता.

"घरात मांजर आहे का?"

"छे! माझ्या घरात-दुकानात मला विचारल्याशिवाय सुई हलत नाही."

ठकी छताकडे बघायला लागली. बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा तिनं सांगून टाकलं.

त्याच्याच कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या खोक्यात, महिनाभर मांजरीचं पिल्लू सुखानं नांदत होतं! आणि हे शिस्तीचे पुतळे वर बसून कात्री चालवत होते.

"पिल्लाच्या नखातून जंतू गेला असेल. गाठ येते, ताप रेंगाळतो," बाई म्हणाल्या. "रक्त तपासून खात्री करू. मगजाचं तूर्त थांबवू."

तपासणीत तेच निघालं. औषध सुरू झालं आणि पाचव्या दिवशी कपाळ गार लागलं. ठकीच्या आईनं देवाचे आभार मानले, शिंपी चक्क हमसून हमसून रडला.

"अगं, मला सांगायचं नाही का?"

"तुम्ही ओरडला असता, बाबा."

तापापेक्षा बापाची धास्ती मोठी! त्याला फार लाज वाटली. "यापुढे काहीही असो, सांगायचं. मी ओरडणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग दुसरं पिल्लू कपाटात आहे."

शिंप्यानं ओरडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

"कुठल्या खणात?" त्यानं विचारलं.