तासाला दोन तांबे

तुषारचं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं होतं, आणि आता ऊन तापायला लागलं तरी राधाकृष्णरावांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. आळस म्हणावा तर तसंही नाही. उत्तर त्यांनी पुष्कळदा लिहायला घेतलं. 'चि. तुषार यास अनेक आशीर्वाद' इथवर पेन झरझर चाले. त्यापुढे पंपाचा विषय आला की हात थांबे, आणि थोड्या वेळाने कागद चुलीत जाई.

साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात काढली होती. उसाच्या रसात चुना किती सोडायचा, रस आंबट राहिला की चुना जास्त झाला, हे पाहणं त्यांचं काम. तुषार त्यांच्याच हाताखाली शिकला आणि पुढे दुबईला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या प्लँटवर नोकरीला लागला. तिथे त्याला जिवंत प्रवाळ पाळायचा नाद जडला. घरात काचेची भली मोठी टाकी, तिच्यात समुद्राचं पाणी आणि पाण्यात हिरवी-जांभळी प्रवाळं. हा जीव पाण्यातला चुना घेऊन स्वतःचा सांगाडा वाढवतो, त्यामुळे टाकीतला चुना कमी होत जातो. तो भरून काढायला तुषारने जर्मनीहून एक उभं नळकांडं मागवलं होतं. त्यात मेलेल्या प्रवाळाचा चुरा भरायचा आणि सोडावॉटरमधला गॅस सोडायचा. गॅसने पाणी आंबट होतं, चुरा विरघळतो आणि ते चुन्याचं पाणी टाकीत ठिबकत राहतं. सगळं आलं होतं. फक्त टाकीतलं पाणी नळकांड्यात ढकलणारा पंप ज्याचा त्याने घ्यायचा होता.

'तासाला दोन तांबे पाणी पुरे,' तुषारने लिहिलं होतं, 'पण रात्रंदिवस तेवढंच हवं. कमी पडलं तर प्रवाळ उपाशी, जास्त झालं तर आंबट पाणी टाकीत जाऊन सगळंच धोक्यात. दोन पंप बघून ठेवलेत. एक साधा, पाण्यात बुडवून ठेवायचा, नळीवरचा कॉक चेपून पाणी कमी करायचं. दुसऱ्यात फिरत्या चाकावरचे रूळ रबराची नळी चेपत जातात. चित्र सोबत जोडलंय. सर, तुम्ही सांगाल तो घेतो.'

हे शेवटचं वाक्य राधाकृष्णरावांच्या छातीवर बसलं होतं. समुद्र त्यांनी जन्मात एकदा पाहिला होता, तोही चपला हातात धरून, लांबून. आपण सांगायचं आणि तिकडे एवढे जीव मरायचे! मध्यंतरी तुषारने शेजारी फोन केला, तेव्हा हे न्हाणीघरात जाऊन बसले आणि फोन बंद झाल्याची खात्री झाल्यावरच ओलं न होता बाहेर आले.

एके दिवशी सकाळी तुषारची बायको सायली दारात उभी राहिली. तिचं माहेर इथलंच, श्रीगोंद्यातलं. पहिल्या बाळंतपणाला आली होती.

"सर, रागावलाय का आमच्यावर?"

"छे, छे! ये, बस. अगं, सायली आली बघ."

सुमनबाई हात पुसत बाहेर आल्या. "कितवा लागला गं?"

"सातवा, काकू." मग ती राधाकृष्णरावांकडे वळली. "ह्यांनी अजून पंप घेतला नाही."

"का?"

"का म्हणजे? सरांचं पत्र यायचंय ना! मी म्हटलं, दुकानदाराला विचारा. तर म्हणाले, दुकानदाराला पंप विकायचाय, सरांना काही विकायचं नाही."

राधाकृष्णराव चष्मा पुसायला लागले.

सायलीने पर्समधून दोन फोटो काढले. एकात प्रवाळाचा हिरवागार झुपका होता. दुसऱ्यात तोच झुपका, पण शेंडे पांढरे पडलेले. "रोज सकाळी मी हाताने चुन्याचं पाणी घालायचे. सासूची एवढी सेवा केली नसती! आता मी इथे, हे शिफ्टवर. कधी घालतात, कधी राहतं. असंच चाललं तर मी बाळाला घेऊन जाईपर्यंत टाकीत काही उरायचं नाही."

सुमनबाईंनी फोटो उन्हाकडे धरला. "हे पवळं? अंगठीतलं? ते जितं असतं व्हय?"

"जितं असतं काकू. रात्री हात बाहेर काढून खातंसुद्धा."

"अन् हे हितं कागद जाळत बसलेत," सुमनबाई नवऱ्याकडे बघून म्हणाल्या. "अहो, पोरगं वाट बघतंय. सांगून टाका की काय ते."

"चुकलं तर?"

"न्हाई सांगितलं तरी मरायलाच लागल्यात की ती."

राधाकृष्णराव उठले, टोपी घातली आणि थेट काकासाहेबांच्या दुकानात गेले.

काकासाहेब शेतीपंपांचे विक्रेते. दुकानात पंप असे रांगेने मांडलेले, जसे तालमीत पैलवान. गिऱ्हाईक आत आलं की त्यांचा एकच प्रश्न असे.

"बोला सर. किती एचपी?"

"तासाला दोन तांबे पाणी देणारा पंप आहे का?"

काकासाहेबांनी कानामागची पेन्सिल काढली, पुन्हा खोचली. "दोन तांबे?"

"हो. पण रात्रंदिवस."

"सर, एवढं तर पावसाळ्यात माझं छप्पर देतं. फुकट!" बाकावर बसलेले दोघे शेतकरी खो खो हसले. राधाकृष्णरावांचे कान लाल झाले, पण ते हलले नाहीत. त्यांनी हळू आवाजात सगळी हकीकत सांगितली. हसणं थांबलं. त्या दोघांनी प्रवाळाला पेंड चालते का, असंही विचारून घेतलं.

"मग त्यात काय एवढं," काकासाहेब म्हणाले. "कूलरचा पंप घ्या अन् कॉक चेपा. सगळा तालुका त्येच करतो. तीनचं काम असलं तरी माणूस पाचचा पंप नेतो अन् कॉक चेपतो. मोठा घेतलेला बरा, पाव्हण्यात बी शोभतो. न्या हा, बघा चालवून. न्हाई जमलं तर आणून द्या."

दुपारी ओट्यावर संसार मांडला गेला. बादलीत कूलरचा पंप, त्याला नळी, नळीला पितळी कॉक, आणि पुढे बरणीत चुनखडीचा चुरा. गॅसऐवजी राधाकृष्णरावांनी बादलीत लिंबं पिळली.

"एवढ्यात लोनचं झालं असतं," सुमनबाई म्हणाल्या.

कॉक चेपत चेपत त्यांनी धार बारीक केली, तिचे थेंब केले, थेंब घड्याळावर मोजले. हिशेबात बरोबर दोन तांबे. त्यांना इतका आनंद झाला की सुमनबाईंना हाताला धरून दाखवायला आणलं. "काकासाहेब म्हणतो ते खरं आहे. उद्या पत्र टाकतो."

सकाळी उठून बघतात तर थेंब बंद. पंप गुरगुरतोय, नळीचं टोक कोरडं. कॉक जरासा उघडला तर पाण्याची चिळकांडी उडाली आणि चुरा ओट्यावर सांडला. पुन्हा चेपला, पुन्हा थेंब जमवले. दुपारपर्यंत पुन्हा बंद. त्यांनी कॉक काढून आत तार घातली. लिंबाचा चोथा आणि पाण्यातली बारीक माती नेमकी त्या चेपलेल्या फटीत जाऊन बसली होती.

तार फिरवता फिरवता ते थांबले. ही तार, हा मनगटाचा झटका त्यांच्या ओळखीचा होता. कारखान्यात चुना सोडायचा पंपही असाच, कामाच्या मानाने दांडगा घेतलेला. त्याचा व्हॉल्व्ह कायम चेपलेला आणि कायम तुंबलेला. प्रत्येक हंगामात ते स्वतः तार घेऊन तो मोकळा करायचे. पंप चांगला आहे, व्हॉल्व्ह वाईट आहे, असं सगळे म्हणायचे, तेही म्हणायचे. व्हॉल्व्ह दोनदा बदलला. बदलायचा होता तो पंप!

म्हणजे साधा पंप नको, एवढं ठरलं. पण दुसरा? नळी चेपणारा पंप त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. नुसत्या चित्रावर विश्वास ठेवून सांगायचं कसं? चित्र घेऊन ते गोठ्यापाशी गेले. जर्सी गाय दावणीला होती आणि सुमनबाई धार काढत होत्या.

राधाकृष्णराव बघत राहिले. लग्नापासून ते ही धार बघत आले होते, पण आज पहिल्यांदाच त्यांनी बोटं बघितली. अंगठा आणि पहिलं बोट वरून सड बंद करत होतं, मग खालची बोटं ओळीने मिटत होती. जेवढं दूध मुठीत सापडलं तेवढंच बादलीत. पुन्हा मूठ, पुन्हा तेवढंच. मागून कितीही जोर असो, एका मुठीला एकच धार. मध्ये कुठे अर्धवट चेपलेली फट नाही की जिथे घाण अडकावी.

"अगं, हेच ते!"

गाईने पाय झाडला. "हळू बोला की! काय ते?"

त्यांनी चित्र पुढे केलं. "ही रबराची नळी म्हणजे सड. हे रूळ म्हणजे तुझी बोटं. चाक हळू फिरवलं की पाणी कमी, पण प्रत्येक वेळी माप तेच."

सुमनबाईंनी धार न थांबवता चित्राकडे बघितलं. "अन् हे किती येळ चालायचं?"

"चोवीस तास."

"मी दोन येळा धार काढते तर सडाला लोनी लावावं लागतं, न्हाईतर भेगा पडत्यात. रातदीस चेपल्यावर त्या रबराचं काय व्हईल?"

राधाकृष्णरावांचा चेहरा उतरला. नळी फाटली तर पाणी खोलीभर होणार, आणि नळकांडं कोरडं. झालं, हाही पंप गेला. ते मटकन गव्हाणीवर टेकले. गाय चघळत होती, आणि बादली भरत आली तरी हे हलेनात.

"असं बसू नका वो," सुमनबाई म्हणाल्या. "नळी फाटंल, पन फाटायच्या आधी बदलता येती की न्हाई? विळ्याला धार लावायची म्हनून विळा टाकून देतं का कुनी?"

राधाकृष्णरावांनी मान वर केली. तुंबणं सांगून येत नाही, पण झिजणं डोळ्यांना दिसतं. नळी दर काही महिन्यांनी बदलायची, एक शिल्लक ठेवायची, पंपाखाली परात ठेवायची. कॉक मात्र कुठेही चेपायचा नाही. हे सांगायला समुद्र जवळून पाहिलेला असायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी चार पानं लिहिली. सकाळी सायली आली तेव्हा तिच्या हातात दिली. तिने वाचली, पानं उलटून पाहिली, पुन्हा पहिल्या पानावर आली.

"सर, पंप कोणता घ्यायचा?"

"लिहिलंय की."

"कुठे? 'माझा अनुभव तोकडा आहे' हे तीनदा आहे. 'तज्ज्ञांना विचारावे' पण आहे. पंपाचं नाव नाही."

"चौथ्या पानाच्या शेवटी…" त्यांनी कागद घेऊन शोधलं. खरंच नव्हतं.

सुमनबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "पयल्या वळीत लिवा. नंतर काय शंका काढायच्यात त्या काढा."

त्यांनी नवा कागद घेतला. 'चि. तुषार, नळी चेपणारा पंप घे.' एवढं लिहून त्यांनी पेन ठेवलं आणि गरम तव्याला हात लागल्यासारखे मागे सरले. मग उरलेलं भराभर लिहिलं: चाक हळू ठेव, नळी झिजायच्या आत बदल, आंबट पाण्यावर रोज नजर ठेव, मी चुकत असेन तर तसं कळव. सगळं एका पानात बसलं.

पोस्टात गर्दी नव्हती. खिडकीत कारकून कानिफनाथ होता. त्याने पाकीट तोललं, पत्ता वाचला. "दुबई! चिकटवा तिकिटं."

राधाकृष्णरावांनी तिकिटं नीट, सरळ रेषेत चिकटवली. पाकीट पुढे केलं, पण सोडलं नाही. कानिफनाथ आतून ओढतोय, हे बाहेरून धरून.

"सर, द्यायचंय ना?"

"एक मिनिट. पहिली ओळ जरा…"

"ओळ चांगली हाय," कानिफनाथ न बघताच म्हणाला आणि पाकीट ओढून घेतलं. धाडधाड शिक्के मारले आणि मागे न पाहता पाकीट थैलीत भिरकावलं.

"गेलं?"

"गेलं. आता मागितलं तरी मिळायचं न्हाई."

"बरं झालं," राधाकृष्णराव म्हणाले.