आईची भांडणं, थाकांची लेक

कोरियन शब्दाला शेपटामागून शेपूट चिकटत जातं. ती शेपटं सोडवून वाक्याची मांडणी ओळखणारा प्रोग्राम मी सोलच्या प्रयोगशाळेत डोळे फोडून तयार केला. तो तपासायला वाक्यं घेतली माझ्या आईची. थोंग्याँगच्या बाजारात ती सुके मासे विकते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. ती भांडणं मी टिपून आणली होती.

त्यावरचा माझा निबंध छापून आला, तेव्हा माझ्या जागी आमच्या प्राध्यापक थाकांच्या शाळकरी लेकीचं नाव होतं. तिला चांगल्या विद्यापीठात प्रवेश हवा होता ना! मी विचारायला गेले तर म्हणाले, "कुसुल, पीएचडी हवीय ना? मग तोंड बंद." तोंड बंद ठेवलं, पण डूख धरला. क्षमेचे गोडवे ज्यांना गायचे त्यांनी गावेत.

आता मीही प्राध्यापक आहे. परवा आमच्याकडे नोकरीच्या मुलाखतीला थाक से-यॉन आली. तोच निबंध घेऊन. मला ती ओळखत नव्हती.

"शाळेत असताना लिहिला," ती म्हणाली. समितीतले म्हातारे कौतुकाने माना डोलवू लागले.

मी ताकास तूर लागू दिली नाही. "वाक्यं मजेदार आहेत. कुणाची?"

"माझ्या आजीची. फार तोंडाळ होती हो!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिथेच आईला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आई, वास येतो म्हणणाऱ्या त्या बाईला काय सुनावलं होतंस गं?"

"माशाला माशाचा नाही तर काय तुझ्या नवऱ्याच्या अत्तराचा वास येणार, असं! जेवलीस का तू?"

अध्यक्षांनी निबंधातलं तेच वाक्य मोठ्याने वाचलं. से-यॉन मान खाली घालून निघून गेली.

संध्याकाळी थाकांचा फोन. "प्राध्यापकबाई, निबंध तुमचाच. गुडघे टेकतो, पण विषय इथेच मिटवा."

"मला नका सांगू. ज्यांनी छापला त्यांना लिहून द्या."

"अहो, तिचा प्रवेशच त्या निबंधावर झालाय. सगळ्या पदव्या जातील. पोर आहे ती!"

"पोर? माझ्या आईला स्वतःची आजी करताना जीभ अडखळली नाही तिची."

पलीकडे ते हुंदके देऊन रडायला लागले. मी फोन ठेवला नाही. चांगला कानाशी धरून ऐकत बसले.